इसिखोसा वाचणारे मूल नेमके कुठे अडते?

दक्षिण आफ्रिकेतील मुलांच्या वाचनाविषयी बोलताना 'पर्ल्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा उल्लेख हटकून होतो. दर पाच वर्षांनी होणाऱ्या या चाचणीत चौथीच्या आसपासच्या मुलांना उतारे वाचायला देऊन त्यांवर लेखी प्रश्न विचारले जातात. 2016 साली दक्षिण आफ्रिकेतील 293 शाळांमधील 12,810 मुलांनी ती दिली, तेव्हा शंभरपैकी 78 मुलांना वाचलेल्या मजकुराचा साधा अर्थही लावता आला नाही. 2021 मध्ये, कोविडच्या काळात शाळा बराच काळ बंद राहिल्यानंतर, हे प्रमाण 81 वर गेले. चाचणीची मध्यरेषा 500 गुणांची आणि सर्वांत खालची पायरी 400 गुणांची असताना दक्षिण आफ्रिकेची सरासरी 2016 मध्ये 320 आणि 2021 मध्ये 288 होती.

मुलाने पहिली ते तिसरी ज्या भाषेत शिक्षण घेतले, त्याच भाषेतून त्याला ही चाचणी देता येत होती. 2016 मध्ये इसिखोसा या तिथल्या एका मोठ्या आफ्रिकी भाषेतून ती देणाऱ्या मुलांपैकी शंभरातली पंच्याऐंशीहून अधिक मुले 400 च्या खाली राहिली. इंग्रजीतून आणि आफ्रिकान्स या डचपासून निघालेल्या भाषेतून चाचणी देणाऱ्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर होते. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की दोन निष्कर्ष चटकन काढले जातात. एक म्हणजे इसिखोसा ही वाचायला अवघड भाषा आहे, आणि दुसरा म्हणजे घरच्या भाषेतून शिकवून मुलांचे नुकसानच होते. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. या मुलांना वाचन त्यांच्या भाषेच्या घडणीप्रमाणे शिकवले गेले नाही, त्यांची गती तिच्या मापाने मोजली गेली नाही आणि त्या भाषेला शाळेत पुरेशी वर्षेही मिळाली नाहीत. हे समजण्यासाठी आधी भाषेकडे थोडे बारकाईने पाहावे लागते.

इसिखोसा ही सुमारे ऐंशी लाखांहून अधिक लोकांची घरची भाषा असून दक्षिण आफ्रिकेत बोलणाऱ्यांच्या संख्येत ती इसिझुलूच्या खालोखाल येते. तिचे मूळ क्षेत्र ईस्टर्न केप प्रांत. पण कामाच्या शोधात केपटाऊनला गेलेल्या कुटुंबांमुळे लांगा, खायेलित्शा यांसारख्या वस्त्यांमध्येही ती सर्वत्र ऐकू येते. तिच्या लेखनाची परंपरा मुळीच नवी नाही. जॉन बेनी या स्कॉटिश मिशनऱ्याने 1823 मध्ये तिच्यातील पहिला मजकूर छापला, आणि जॉन टेंगो जबावू यांनी 1884 मध्ये 'इम्वो झाबान्त्सुन्दू' हे वृत्तपत्र सुरू केले. तेव्हा ही भाषा कालपरवापर्यंत बोलीतच होती आणि म्हणून शाळेला पेलत नाही, हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही.

एका शब्दात मावणारे वाक्य

इसिखोसात क्रियापदाच्या मुळाला पुढून आणि मागून अनेक घटक चिकटतात आणि ते सगळे मिळून एकच शब्द म्हणून लिहिले जातात. 'न्दियाबाफुन्देला' हा शब्द घेऊ. त्यात 'न्दि' म्हणजे मी, 'या' वर्तमानकाळाची खूण, 'बा' म्हणजे त्यांना, 'फुन्द' हे वाचण्याचे मूळ, 'एल' म्हणजे कुणासाठी तरी, आणि शेवटी 'आ' हा स्वर. एकत्रित अर्थ: मी त्यांना वाचून दाखवतो. रोमन लिपीत हा शब्द चौदा अक्षरांचा होतो. हेच वाक्य नकारार्थी करायचे तर शब्द 'अन्दिबाफुन्देली' असा होतो. सुरुवातीला 'अ' येतो, 'या' गळतो आणि शेवटचा स्वर बदलतो. मराठीतही आपण 'घरासमोरच्यांनासुद्धा' असे लिहितो आणि वाचणारा त्यातले घर, समोर, च्या, ना, सुद्धा हे तुकडे नकळत वेगळे करतो. फरक एवढाच की मराठीत असे शब्द अधूनमधून येतात आणि इसिखोसात ते प्रत्येक ओळीत असतात.

वाचनाच्या दृष्टीने याचे परिणाम मोठे आहेत. इंग्रजीत वारंवार येणारे छोटे शब्द मूल चित्रासारखे लक्षात ठेवते आणि ते दिसताच ओळखते. इसिखोसात हाच मार्ग धरता येत नाही, कारण एकाच मुळापासून शेकडो रूपे होतात आणि नेमके हेच रूप पूर्वी डोळ्यांखालून गेलेले असेल, याची शाश्वती नसते. शिवाय ही रूपे एकमेकांसारखी दिसतात. मधले एक अक्षर बदलले की कर्ता बदलतो, काळ बदलतो किंवा होकाराचा नकार होतो. म्हणून वाचणाऱ्याला प्रत्येक शब्द शेवटपर्यंत नीट पाहावा लागतो. इसिखोसाशी अगदी जवळचे नाते असलेल्या इसिझुलूच्या वाचकांवर झालेल्या अभ्यासांतही असे आढळले की तरबेज प्रौढ वाचक इंग्रजी वाचकांच्या तुलनेत प्रत्येक शब्दावर अधिक वेळ थांबतात. यात कौशल्याची उणीव नाही. लिपीतील शब्दांची मांडणीच तशी आहे.

मग अशा भाषेत 'चांगला वाचक' कोणाला म्हणायचे? जगभर वाचनाची गती मिनिटाला किती शब्द अचूक वाचले यावर मोजतात. महाराष्ट्रातील वाचकांना 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीमुळे मुलाला एकटे बसवून मोठ्याने वाचायला लावण्याची पद्धत ठाऊक आहे. गती मोजतानाही साधारण तसेच केले जाते, फक्त हातात घड्याळ असते. अमेरिकेत तिसरी संपताना मुलाने मिनिटाला शंभरावर शब्द वाचावेत अशी अपेक्षा असते. हे माप इसिखोसाला लावले तर उत्तम वाचणारे मूलही नापास ठरेल. देशातल्या देशातही हा घोळ होतो. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे सेपेडी भाषेत 'के आ गो राता' असे चार सुटे शब्द करून लिहितात, तर इसिखोसात 'न्दियाकुथान्दा' असा एकच शब्द होतो. उच्चारात दोन्हींचे अवयव, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे तुकडे, पाचच आहेत. दोन मुलांनी एवढाच मजकूर तेवढ्याच वेळात वाचला तरी एकाच्या नावावर चार शब्द जमा होतात आणि दुसऱ्याच्या नावावर एक.

2020 च्या सुमारास हजारो मुलांच्या वाचनाच्या नोंदी तपासून इसिखोसा, इसिझुलू आणि सिस्वाती या न्गुनी कुळातील भाषांसाठी स्वतंत्र मापे ठरवण्यात आली, ती म्हणूनच महत्त्वाची आहेत. पहिली संपताना मिनिटाला 40 अक्षरध्वनी, दुसरी संपताना 20 शब्द आणि तिसरी संपताना 35 शब्द, अशी ती आहेत. सुटे शब्द लिहिणाऱ्या सेत्स्वाना आणि सेसोथोसाठी तिसरीचे माप 60 च्या घरात आहे. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. दुसरीअखेर मिनिटाला 20 शब्दांच्या खाली असलेल्या मुलाला उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे जवळजवळ देताच येत नाहीत असे नोंदींत दिसले. त्या पातळीच्या वर गेल्यावर समज वाढू लागते. कारण सरळ आहे. मुलाचे सगळे लक्ष अक्षरे जुळवण्यात खर्ची पडले, तर शब्दाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा 'न्दि' विसरला जातो, आणि वाचणारा 'मी' की 'ते' हेच हरवते.

अक्षरे, आणि जिभेचे आवाज

या भाषेची एक बाजू मुलाच्या फायद्याचीही आहे. इसिखोसाची लेखनपद्धती पारदर्शक आहे, म्हणजे जसे लिहिले तसे वाचायचे. इंग्रजीत एकच स्वर चार ठिकाणी चार तऱ्हांनी उच्चारला जातो, तसे इथे नाही. स्वर पाच, आणि जवळजवळ प्रत्येक अवयव स्वरावर संपतो. खरे तर अशा भाषेत मुलाने अक्षरओळख झाल्यावर वर्षभरात वाचू लागावे.

अडचण येते ती व्यंजनांच्या जोडण्यांपाशी. रोमन लिपीत इसिखोसाचे सगळे ध्वनी मावत नाहीत, म्हणून दोन, तीन, कधी चार अक्षरे मिळून एक ध्वनी लिहिला जातो. 'ह्ल' आणि 'द्ल' हे जिभेच्या कडांवरून हवा सोडून काढायचे आवाज आहेत. त्यांवर तीन प्रकारचे टिचकीसारखे ध्वनी. रोमन 'सी' लिहिला की जीभ वरच्या दातांमागून ओढून काढायचा आवाज, जो आपणही हळहळताना तोंडाने काढतो. 'क्यू' लिहिला की टाळूवरून जीभ खाली आपटून निघणारा. आणि 'एक्स' लिहिला की जिभेच्या कडेने, दाढांपाशी निघणारा. भाषेच्या नावातही हाच तिसरा ध्वनी आहे आणि मराठीत आपण त्याच्या जागी 'ख' लिहून वेळ मारून नेतो. या तिन्हींच्या पुढेमागे 'एन', 'जी', 'के', 'एच' लागून डझनाहून अधिक जोडण्या तयार होतात. परिषद या अर्थाच्या 'इंगक्वुंगक्वुथेला' शब्दात 'एन', 'जी', 'क्यू' ही तीन अक्षरे लागोपाठ येतात, तीही दोनदा, आणि प्रत्येक वेळी त्यांचा ध्वनी एकच असतो. ज्याने 'एन', 'जी' आणि 'क्यू' ही अक्षरे सुटी सुटी शिकली आहेत पण त्यांची जोडणी शिकलेली नाही, असे मूल इथे थांबते.

आता घड्याळ लावून मुलाचे वाचन ऐकताना काय दिसते ते पाहा. अंडे या अर्थाचा 'इक्वान्दा' शब्द आला की मूल 'इ' म्हणते, 'क्यू'पाशी किंचित अडखळते, 'न्दा' लगेच म्हणते. मासा या अर्थाचा 'इन्त्लान्झी' आला की 'एन', 'टी', 'एल' या तीन अक्षरांवर बोट थांबते, मूल एकेक अक्षर पुटपुटते, मग शिक्षकांकडे पाहते. बोलताना हेच मूल दोन्ही शब्द सहज वापरते. त्याला ध्वनी येतो, अर्थ येतो. कागदावरची खूण आणि तो ध्वनी यांची गाठ तेवढी पडलेली नसते. ही गाठ पक्की करणे हे पहिली-दुसरीच्या वर्गाचे काम आहे, आणि ते काम कितपत झाले हे पाहिले की बराचसा उलगडा होतो.

लेखनातून एक गोष्ट मात्र पूर्णपणे गळते, ती म्हणजे सूर. 'उयाफुन्दा' या शब्दाचा अर्थ 'तू वाचतोस' असाही होतो आणि 'तो वाचतो' किंवा 'ती वाचते' असाही. बोलताना पहिल्या अवयवाचा सूर वर किंवा खाली जातो, त्यावरून अर्थ कळतो. लिहिताना तशी कोणतीच खूण करत नाहीत. सराईत वाचक संदर्भावरून निभावून नेतो. अडखळत वाचणाऱ्याला मात्र संदर्भच हाती लागलेला नसतो.

वर्गात काय घडते

ईस्टर्न केपमधील अनेक सरकारी शाळांत पहिलीच्या वर्गात चाळीस, पन्नास किंवा त्याहून अधिक मुले असतात. शिक्षिका फळ्यावरचे वाक्य म्हणतात आणि सगळा वर्ग ते एका सुरात म्हणतो. ऐकायला छान वाटते, पण कोणते मूल फळ्याकडे पाहून वाचते आहे आणि कोणते शेजाऱ्याच्या मागोमाग ओठ हलवते आहे, हे त्या आवाजात कळत नाही. एकेका मुलाचे स्वतंत्र वाचन ऐकले जात नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि लक्षात येईपर्यंत मूल चौथीत गेलेले असते.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणाची. वाचन कसे शिकवावे याचे पाठ महाविद्यालयांत बहुतांशी इंग्रजीतून आणि इंग्रजी वाचनाच्या सिद्धान्तांवरून दिले गेले. त्यामुळे इंग्रजीतील तीन अक्षरी शब्दांपासून सुरुवात करण्याची किंवा 'पाहताच ओळखायच्या शब्दां'ची यादी पाठ करून घेण्याची रीत इसिखोसाच्या वर्गातही शिरली. या भाषेला ती लागू पडत नाही. इथे स्वर, मग साधे अवयव, मग जोडाक्षरे, आणि त्याबरोबर शब्दाचे तुकडे ओळखण्याचा सराव, असा क्रम हवा. व्याकरणाचे शब्द न वापरताही तो घेता येतो: 'न्दियाफुन्दा' आणि 'बायाफुन्दा' शेजारी लिहून कोणता भाग बदलला हे विचारले, तर सहा वर्षांचे मूल सांगू शकते.

तिसरी गोष्ट पुस्तकांची. 2011 पासून सरकार सर्व अधिकृत भाषांत मोफत सराव-पुस्तिका देते, आणि ते काम मोठेच आहे. पण पायरीपायरीने अवघड होत जाणाऱ्या गोष्टींची पुस्तके दीर्घकाळ बहुधा इंग्रजीवरून भाषांतर केलेली असत. इंग्रजीत पहिल्या पायरीवर बसणारे सोपे वाक्य इसिखोसात आणले की त्यात चौथ्या पायरीचा शब्द येऊन बसतो. मोल्टेनो या संस्थेने तयार केलेली 'वुला बुला' ही मालिका याला अपवाद आहे. ती प्रत्येक आफ्रिकी भाषेत मुळापासून, त्या भाषेतील ध्वनींचा क्रम धरून लिहिली गेली. आनंदासाठी वाचायच्या साहित्यात 2012 मध्ये सुरू झालेल्या 'नलिबाली' मोहिमेने गोष्टींच्या पुरवण्या आणि वाचन-मंडळे चालवली. तिच्या मुळाशी असलेली 'प्रेसा' ही संस्था 1992 मध्ये नेव्हिल अलेक्झांडर यांनी उभारली होती. रॉबेन बेटावर दहा वर्षे तुरुंगवास भोगलेल्या या अभ्यासकाने आयुष्यभर आफ्रिकी भाषांतून शिक्षणाचा आग्रह धरला.

काय केल्याने फरक पडतो, याचाही पुरावा आहे. नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना भाषेच्या 230 शाळांत 2015 पासून एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांतील शिक्षकांना नेमकी पाठ-टाचणे, साहित्य आणि एकत्र प्रशिक्षण दिले. काही शाळांत तेच साहित्य देऊन शिवाय मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात येऊन बसत. वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाचा परिणाम स्पष्टपणे अधिक दिसला. भाषा वेगळी असली तरी वर्ग सारखेच आहेत, म्हणून इसिखोसाच्या शाळांतही हाच मार्ग धरला जात आहे.

गरिबी आणि भाषा यांची गल्लत

सुरुवातीला दिलेल्या तुलनेकडे परत पाहिले पाहिजे. इंग्रजीतून चाचणी देणाऱ्या मुलांत शहरी, शुल्क घेणाऱ्या, लहान वर्गांच्या आणि ग्रंथालय असलेल्या शाळांतील मुले मोठ्या प्रमाणात असतात. इसिखोसातून देणारी मुले बहुतेक सगळी विनाशुल्क शाळांतील, म्हणजे सर्वांत गरीब भागांतील असतात. या दोन गटांतील अंतर भाषेचे आहे असे म्हणणे म्हणजे शाळेचे छप्पर, शिक्षकांची संख्या, घरातील पुस्तके आणि पालकांचे शिक्षण यांचा हिशेब भाषेच्या खात्यावर टाकणे होय.

एकाच शाळेने शिक्षणाची भाषा बदलली तर काय होते, हे पाहणे अधिक न्याय्य ठरते. स्टीफन टेलर आणि मारिसा कुत्सिया यांनी नेमके हेच केले. 2007 ते 2011 या काळातील शाळांच्या नोंदी वापरून त्यांनी दाखवले की पहिली ते तिसरी घरच्या भाषेत शिकवल्याने मुलांचे चौथी ते सहावीतील इंग्रजीच सुधारते. शाळेचा एकूण दर्जा खराब असेल तर त्याचा फटका भाषेच्या निवडीपेक्षा मोठा असतो, हेही त्यांनी नोंदवले आहे, आणि ते विसरता कामा नये.

'घरची भाषा' हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. शाळेतील प्रमाण इसिखोसा मुख्यतः न्गिका आणि ग्चालेका या गटांच्या बोलीवर आधारलेली आहे. प्रांताच्या ईशान्येकडील म्पोन्दो, भाचा किंवा ह्लुबी घरांतील मूल शाळेत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील काही शब्द त्याला परके असतात. केपटाऊनच्या मुलाची अडचण वेगळी: त्याच्या बोलण्यात इंग्रजी मिसळलेली असते आणि आकडे तर तो इंग्रजीतच मोजतो. साहजिकच आहे, अठ्ठ्याहत्तर म्हणायला 'अमाशुमी असिखेन्खे अनेसिभोझो' असे तीन लांब शब्द लागतात.

आणखी एक विसंगती सांगायलाच हवी. बारावीच्या मॅट्रिक परीक्षेत 'इसिखोसा, घरची भाषा' या विषयात जवळजवळ सगळेच विद्यार्थी उत्तीर्ण होतात. चौथीत वाचता न येणारी मुले बारावीत अशी झळकतात कशी? एक कारण म्हणजे मधल्या वर्षांत बरीच मुले शाळा सोडतात आणि परीक्षेला बसतात ती टिकून राहिलेली. दुसरे, उत्तीर्ण होण्यासाठी 40 टक्के गुण पुरतात. तिसरे कारण अधिक अवघड आहे: सहावी-सातवीत संथ वाचणारा विद्यार्थी बारावीपर्यंत म्हणी, वाक्प्रचार आणि ठरावीक साहित्यकृतींवरच्या प्रश्नांपुरता तयार होतो, पण न पाहिलेला माहितीपर मजकूर झरझर वाचून त्यातून काही काढण्याचे काम त्याच्याकडून फारसे मागितलेच जात नाही. ते काम इतर सर्व विषयांत मागितले जाते, आणि ते विषय इंग्रजीत असतात.

चौथीचे वळण

2024 पर्यंत बहुतेक शाळांत पहिली ते तिसरी घरच्या भाषेत शिकून चौथीपासून गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे सर्व इंग्रजीत सुरू होत असे. म्हणजे इसिखोसात वाचन पक्के होण्याआधीच मुलाला दुसऱ्या भाषेतील पुस्तक हातात घ्यावे लागे. हे तीन वर्षांचे गणित अध्यापनशास्त्रातून कमी आणि इतिहासातून अधिक आले आहे. वर्णभेदी सरकारच्या 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांवर आठ वर्षांचे मातृभाषेतील शिक्षण लादले, त्यामागचा हेतू त्यांना दुय्यम कामांपुरते ठेवण्याचा होता. 1976 मध्ये आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत मुले रस्त्यावर उतरली, त्यानंतर मातृभाषेची वर्षे घटवली गेली. आजही एखादे आजोबा नातवाला थेट इंग्रजीतच घाला म्हणतात, तेव्हा त्या सल्ल्यात नोकरीची काळजी जेवढी असते तेवढीच ही आठवणही असते.

ईस्टर्न केपने 2012 पासून कोफिम्वाबा भागातील काही शाळांत तिसरीनंतरही गणित आणि विज्ञान इसिखोसात शिकवण्यास सुरुवात केली. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापल्या. इंग्रजी काढून टाकलेली नाही, ती सोबत चालते. त्याच धर्तीवर 2025 पासून देशभर चौथीच्या वर्गात गणित आणि विज्ञान-तंत्रज्ञान दोन भाषांत शिकवण्याची सुरुवात झाली असून दरवर्षी एकेक इयत्ता वर चढवण्याची योजना आहे. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी 2019 मध्ये, दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे असे उद्दिष्ट 2030 पर्यंतसाठी जाहीर केले होते. ते वेळेत गाठले जाईल असे मला वाटत नाही. पण 2025 साली चौथीत असलेली मुले 2028 मध्ये सातवीत आणि 2033 मध्ये मॅट्रिकला पोहोचतील. इसिखोसातील विज्ञानाची पुस्तके तोवर त्यांच्या पुढे पुढे तयार होत राहिली, आणि पहिलीतल्या धाकट्या भावंडांचे वाचन शिक्षिकेने एकेकाला जवळ बसवून ऐकले, तर या भाषेतून शिकण्याची खरी परीक्षा प्रथमच घेतली जाईल.